न संपणाऱ्या समुद्राचा उन्हाळा : लंडन, १८८३

१२ मे १८८३ रोजी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात एक प्रदर्शन उघडले. नाव होते 'इंटरनॅशनल फिशरीज एक्झिबिशन', म्हणजे मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत लांबच लांब मंडप उभारले होते. लगत नॅचरल हिस्टरी म्युझियमची नवी इमारत होती. ती लोकांना खुली होऊन दोनच वर्षे झाली होती. रस्त्यापलीकडे साउथ केन्सिंग्टन म्युझियम होते, म्हणजे आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. बाग आता नाही. तिच्या जागी सायन्स म्युझियम आणि इम्पीरियल कॉलेज आहे. तिथून जाणाऱ्या माणसाला इथे कधीकाळी होड्या, जाळी, दीपगृहांचे दिवे आणि काचेच्या टाक्यांतले जिवंत मासे मांडले होते, याची खूणही दिसत नाही.

हे प्रदर्शन ३१ ऑक्टोबरपर्यंत चालले. साडेपाच महिन्यांत २६ लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. लंडनची लोकसंख्या तेव्हा चाळीस लाखांच्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. लोक त्याला लाडाने नुसते 'द फिशरीज' म्हणू लागले. पुढच्या तीन उन्हाळ्यांत त्याच बागेत आरोग्याचे, शोधांचे आणि वसाहतींचे अशी आणखी तीन प्रदर्शने भरली, आणि पहिल्याच्या यमकावर त्यांची नावे 'हेल्दरीज', 'इन्व्हेन्टरीज', 'कॉलिंडरीज' अशी पडली.

मेळ्यांचा आणि प्रदर्शनांचा तो काळच होता. १८५१च्या 'ग्रेट एक्झिबिशन'पासून युरोपातील प्रत्येक मोठ्या शहराला आपले वैभव मांडून दाखवण्याची हौस जडली होती. मग यातल्या एका प्रदर्शनाकडे आज मुद्दाम वळून का पाहायचे? त्याचे कारण जूनमध्ये तिथे झालेले एक भाषण. समुद्रातला मासा माणसाच्या हातून संपू शकतो का, या प्रश्नाला त्या भाषणात उत्तर दिले गेले. उत्तर देणारा माणूस त्या काळातला इंग्लंडमधला सर्वांत मोठा प्राणिशास्त्रज्ञ होता. त्याचे उत्तर चुकले. त्या चुकीचे पडसाद पुढची शंभर वर्षे जगभरच्या किनाऱ्यांवर उमटत राहिले. आपला किनाराही त्यातून सुटला नाही.

२

या प्रदर्शनाची तयारी एकाएकी झाली नव्हती. १८८० साली बर्लिनला मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. १८८१ मध्ये इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरिच या गावी आणि १८८२ मध्ये एडिंबरा येथे त्याच धर्तीची प्रदर्शने झाली. नॉरिचमागे एडवर्ड बर्कबेक हा नॉर्फोकचा संसदसदस्य होता. तोच लंडनच्या प्रदर्शनाच्या कार्यकारी समितीचा अध्यक्ष झाला.

मासे हा विषय तेव्हा शहरी माणसाच्या जिव्हाळ्याचा झाला होता. रेल्वे आणि बर्फ यांच्या जोडीने ताजा मासा समुद्रापासून शेकडो मैल आत पोहोचू लागला होता. तळलेला मासा हे कामगार वस्तीतले स्वस्त अन्न बनले होते. पण लंडनचा सारा मासा बिलिंग्जगेट या एकाच जुन्या बाजारातून जाई. तिथली गर्दी, नासाडी आणि दलालांची पकड यांविरुद्ध वर्तमानपत्रांतून सतत ओरड चाले. मांस महाग, मासा मुबलक. मग तो गरिबाच्या ताटात का पडत नाही, हा त्या काळचा जाहीर प्रश्न होता.

दुसरी बाजू मरणाची होती. ऑक्टोबर १८८१ मध्ये स्कॉटलंडच्या आग्नेय किनाऱ्यावर एका दिवसाच्या वादळात १८९ मच्छीमार बुडाले. त्यांतले १२९ एकट्या आयमथ गावचे. प्रदर्शन उघडण्याच्या दोनच महिने आधी, मार्च १८८३ मध्ये, उत्तर समुद्रातील डॉगर बँकेवर वादळ झाले आणि अडीचशेच्या आसपास माणसे गेली. बहुतेक हल आणि ग्रिम्सबी या बंदरांची. त्यांत लहान वयाचे उमेदवार पोरगेही होते. म्हणूनच प्रदर्शनात जीवरक्षक नौका, बुडत्याला वाचवण्याची साधने आणि हवामानाची यंत्रे यांना मोठी जागा होती. मंडपात शिरणाऱ्या लंडनकराला ताटातल्या माशाची किंमत कोण मोजतो, हे निदान एकदा दिसत होते.

३

प्रवेश सर्वसाधारण दिवशी एक शिलिंग. आत गेल्यावर देशोदेशीचे विभाग. अमेरिकेच्या विभागाची मांडणी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या जॉर्ज ब्राउन गुडने केली होती. वस्तू ओळीने मांडून न ठेवता त्यांतून एखाद्या धंद्याची सबंध हकिकत सांगायची, ही त्याची पद्धत. संग्रहालयशास्त्रात तिचे नाव आजही आदराने घेतले जाते. चीनचा विभाग तिथल्या सागरी जकात खात्याने पाठवला होता आणि त्या खात्याचा प्रमुख होता रॉबर्ट हार्ट हा आयरिश गृहस्थ. चीनची होडी लंडनला दाखवायची तीही युरोपीय अधिकाऱ्याच्या हातून, असा तो काळ.

गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत जिवंत मासे होते. त्याचे अप्रूप पूर्ण ओसरले नव्हते. सार्वजनिक मत्स्यालय ही कल्पनाच मुळी तीस वर्षांची होती. पहिले १८५३ साली लंडनच्याच रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात सुरू झाले होते. एका बाजूला फ्रँक बकलंडने जमवलेला मत्स्यपालनाचा संग्रह होता. बकलंड हा मत्स्यखात्याचा निरीक्षक, हौशी आणि विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध. १८८० साली तो वारला तेव्हा आपला संग्रह त्याने साउथ केन्सिंग्टनच्या नावे करून ठेवला होता.

संध्याकाळी बागेत विजेचे दिवे लागत आणि सैनिकी बँड वाजे. घरात अजून गॅस किंवा मेणबत्ती असणाऱ्या लोकांना त्या उजेडात फिरणे हीच एक करमणूक होती. बॅरोनेस बर्डेट-कुट्स या दानशूर बाईच्या पुढाकाराने तिथे सहा पेन्सांत माशाचे जेवण मिळे आणि स्वयंपाक शिकवणाऱ्या शाळेतील मंडळी मासा रांधण्याची प्रात्यक्षिके दाखवीत. स्वस्त मासा चविष्टही लागतो, हे मध्यमवर्गाला पटवण्याचा तो प्रयत्न होता.

एडिंबराजवळच्या न्यूहेवन गावच्या कोळणीही आल्या होत्या. पट्ट्यापट्ट्यांचे परकर, डोक्याला पट्टा अडकवून पाठीवर घेतलेली माशांची टोपली, अशा वेशात. नवऱ्याने मासा आणायचा आणि विकण्याचा सारा व्यवहार बायकोने सांभाळायचा, ही त्यांची रीत. ससून डॉक किंवा वर्सोव्याची पहाट पाहिलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल. लंडनकरांनी त्यांचे कौतुक केले, चित्रे काढली. माशांच्या साठ्याविषयी त्यांना किंवा त्यांच्या नवऱ्यांना काय वाटते, हा प्रश्न मात्र तज्ज्ञांच्या व्यासपीठाचा होता.

४

भारतीय विभाग फ्रान्सिस डे याच्याकडे होता. डे हा मूळचा मद्रास सैन्यातील डॉक्टर. माशांचे वेड जडले आणि पुढे १८७१ ते १८७७ या काळात तो भारतातील मत्स्यव्यवसायाचा इन्स्पेक्टर जनरल झाला. 'द फिशेस ऑफ इंडिया' हा त्याचा ग्रंथ १८७५ ते १८७८ या वर्षांत भागाभागाने निघाला. आजही भारतीय मासा ओळखायचा तर अभ्यासकाला तो उघडावाच लागतो. प्रदर्शनासाठी त्याने 'इंडियन फिश अँड फिशिंग' ही छोटी पुस्तिका लिहिली.

डेचे खरे महत्त्व त्याच्या १८७३ सालच्या दोन अहवालांत आहे. एक गोड्या पाण्यातील मासेमारीवर, दुसरा समुद्रातील. जिल्ह्याजिल्ह्यांतील अधिकाऱ्यांना प्रश्नावल्या पाठवून त्याने माहिती गोळा केली. नद्यांविषयी त्याचे म्हणणे असे, की बंधारे आणि बारीक विणीचे सापळे यांमुळे पिल्लेच मारली जातात आणि मासा घटतो आहे, कायदा हवा. तो कायदा यायला १८९७ साल उजाडले. समुद्राबाबत त्याचे निदान निराळे होते. तिथे मासा कमी नव्हता, मीठ महाग होते. मिठावर सरकारी कर. पकडलेला मासा खारवून आत देशावर पाठवायचा तर मीठ लागणार, आणि ते परवडत नसल्याने मासा किनाऱ्यावरच कुजणार. यावर उपाय म्हणून मद्रास इलाख्यात सरकारने मासे खारवण्याची आवारे काढली. तिथे करमुक्त मीठ मिळे, पण सरकारी देखरेखीत. १८८२ साली लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवर आणला गेला, तरी ओझे राहिलेच.

हे मुद्दाम सांगायचे कारण असे, की लंडनच्या मंडपात भारतीय मासा बाटलीत होता आणि भारतीय होडी प्रतिकृतीत; पण कोळ्याच्या जगण्याला खरा पीळ देणारा मिठाचा कर काचेच्या कपाटात मांडता येण्यासारखा नव्हता. प्रदर्शनाला वस्तू दाखवता येतात, हिशेब दाखवणे अवघड जाते.

बाटल्यांतल्या त्या माशांचीही एक गोष्ट आहे. ब्रिटिश म्युझियममधील मत्स्यतज्ज्ञ अल्बर्ट ग्युंथर आणि डे यांचे हाडवैर होते. सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमचा प्रमुख एडवर्ड रॅम्से या प्रदर्शनासाठी लंडनला आला होता. त्याला डेने आपल्या भारतीय माशांचा मोठा संग्रह विकून टाकला. त्यांत ज्यांच्यावरून जातींची शास्त्रीय वर्णने पहिल्यांदा झाली, असे नमुने होते. भारतातल्या नद्यांत आणि किनाऱ्यांवर पकडलेले ते मासे आज ऑस्ट्रेलियात आहेत.

५

आता त्या भाषणाकडे. प्रदर्शनाच्या जोडीने जूनपासून व्याख्याने आणि चर्चा सुरू झाल्या. त्यांची सुरुवात टॉमस हेन्री हक्सलीच्या भाषणाने झाली. डार्विनचा खंदा कैवारी म्हणून तो आपल्याला ठाऊक आहे. पण १८८१ पासून तो सरकारचा मत्स्यनिरीक्षकही होता. बकलंडच्या मृत्यूनंतर ती जागा त्याच्याकडे आली होती. आणि या विषयाशी त्याचा संबंध त्याहून जुना होता.

१८६० च्या सुमारास इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर गळाने आणि साध्या जाळ्यांनी मासे धरणाऱ्या लोकांनी तक्रार केली, की तळ खरवडत जाणारे ट्रॉल जाळे पिल्ले आणि अंडी मारते आणि त्यामुळे आमचा मासा कमी झाला. सरकारने १८६३ मध्ये आयोग नेमला. तीन सदस्यांपैकी एक हक्सली. आयोग किनाऱ्यावर गावोगाव हिंडला, साठ हजारांवर प्रश्न विचारले, आणि १८६६ मध्ये त्याने अहवाल दिला : मासा घटल्याचा पुरावा नाही, मासेमारीवरची जुनी बंधने काढून टाकावीत. १८६८ च्या कायद्याने तसे झालेही. पकडलेल्या माशांची नियमित सरकारी मोजदाद तेव्हा होतच नव्हती. आकडे नसताना घट सिद्ध कशी करणार? कोळ्यांची साक्ष तेवढी होती, आणि ती मत्सरातून आलेली मानून बाजूला ठेवली गेली.

१८८३ च्या भाषणात हक्सलीने हाच विचार व्यवस्थित मांडला. मासेमारी सगळीकडे सारखी नसते, असे त्याने आधीच सांगितले. सामन मासा अरुंद नदीत शिरतो, तिथे माणूस त्याची वाट अडवू शकतो, तो संपेल. कालव एका जागी चिकटून बसते, तेही संपेल. पण कॉड, हेरिंग, मॅकरेल यांची गोष्ट वेगळी. त्यांची संख्या अफाट. कॉडचा एक मोठा थवा थोड्या दिवसांत जितके हेरिंग फस्त करतो, त्यापुढे माणसाने वर्षभरात पकडलेले हेरिंग काहीच नाही. समुद्रात माशाला असंख्य शत्रू आहेत, त्यांत माणूस हा एक किरकोळ. शिवाय निसर्गाचा आपोआप चालणारा लगाम आहेच : मासा कमी झाला तर धंदा परवडणार नाही, लोक मासेमारी सोडतील, मासा पुन्हा वाढेल. म्हणून या मोठ्या सागरी मासेमाऱ्या न संपणाऱ्या आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता.

हक्सलीवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. आपला निष्कर्ष मासेमारीच्या सध्याच्या पद्धतींपुरता आहे, अशी अट त्याने स्वतःच घातली होती. वैज्ञानिकाला शोभणारी ती सावधगिरी होती. पण भाषणातला निष्कर्ष जगभर गेला, अट मागेच राहिली. आणि खरे सांगायचे तर 'सध्याच्या पद्धती' तो बोलत होता तेव्हाच बदलू लागल्या होत्या. हलमध्ये ग्रिम्सबीसाठी बांधलेला 'झोडियाक' हा वाफेवर चालणारा ट्रॉलर १८८१ सालीच पाण्यात उतरला होता. ज्या मंडपात हक्सली बोलला, तो मंडप वाफेच्या यंत्रांचे आणि नव्या जाळ्यांचे गुणगान करण्यासाठीच उभा होता. समुद्र संपणार नाही, कारण आपली साधने तोकडी आहेत, असे सांगणारे भाषण आणि साधने तोकडी राहणार नाहीत, असे दाखवणारे प्रदर्शन एकाच छताखाली चालू होते. हा विरोध फार थोड्यांच्या लक्षात आला.

६

ज्यांच्या लक्षात आला, त्यांत रे लँकेस्टर हा प्राणिशास्त्रज्ञ होता. वयाने हक्सलीहून बावीस वर्षांनी लहान, त्याच्याच छायेत वाढलेला. प्रदर्शनाच्या वैज्ञानिक फलिताविषयी बोलताना त्याने वेगळा सूर लावला. निसर्गात मासा फुकट जन्मत नाही, असा त्याचा मुद्दा. लक्षावधी पिल्लांतली बहुतेक मरतात हे खरे, पण ती कुणाच्या तरी पोटात जातात. ती सगळी जागा भरलेली आहे. त्यात माणूस नवा वाटेकरी म्हणून शिरला आणि वयात आलेले मासे उचलू लागला, तर तोल ढळणारच. किती ढळेल, हे मात्र अंदाजाने सांगता येणार नाही. त्यासाठी समुद्राकाठी प्रयोगशाळा हवी.

या आग्रहातून मार्च १८८४ मध्ये रॉयल सोसायटीच्या जागेत भरलेल्या सभेत मरीन बायॉलॉजिकल असोसिएशनची स्थापना झाली. पहिला अध्यक्ष हक्सली, चिटणीस लँकेस्टर. मतभेद असलेली दोन माणसे एका संस्थेत बसली, ही त्या विज्ञानव्यवहाराची चांगली बाजू. प्लिमथ येथील त्यांची प्रयोगशाळा १८८८ मध्ये सुरू झाली. ती अजून चालू आहे. मंडप मोडले, दिवे विझले. त्या उन्हाळ्याचे सर्वांत टिकाऊ फळ म्हणून या प्रयोगशाळेकडे बोट दाखवता येईल.

त्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या वॉल्टर गार्स्टँगने १९०० साली एक निबंध लिहिला. विषय : समुद्राचे दारिद्र्य. आता आकडे उपलब्ध होते. गार्स्टँगने निव्वळ माशांचे वजन पाहिले नाही. वाफेचा एक ट्रॉलर शिडाच्या किती होड्यांइतके काम करतो, याचा हिशेब करून त्याने दर होडीमागे किती मासा पडतो, हे काढले. १८८९ ते १८९८ या दहा वर्षांत तो जवळजवळ निम्म्यावर आला होता. एकूण मासा वाढताना दिसत होता, कारण ताकद त्याहून कितीतरी वाढली होती. बाजारात टोपली भरलेली दिसते, म्हणून समुद्र भरलेला आहे असे होत नाही, ही साधी गोष्ट पहिल्यांदा आकड्यांनी सिद्ध झाली. १९०२ साली उत्तर युरोपातील देशांनी समुद्राच्या संयुक्त अभ्यासासाठी कोपनहेगनला परिषद स्थापन केली.

मग एक प्रयोग इतिहासानेच करून दाखवला. १९१४ ते १९१८ या महायुद्धात उत्तर समुद्रात सुरुंग आणि पाणबुड्या फिरत होत्या, मासेमारी बरीचशी थांबली. युद्ध संपल्यावर जाळी पडली तेव्हा मासा भरभरून आणि मोठा मिळाला. दोनचार वर्षांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुसऱ्या महायुद्धानंतर हेच घडले. समुद्राला विसावा दिला तर तो भरतो आणि न दिला तर रिकामा होतो, हे दोन महायुद्धांनी शिकवले. शिकवणी महाग होती, आणि ती लक्षात ठेवली गेली नाही.

हक्सलीच्या यादीतले मासे एकेक करून पडत गेले. १९७७ साली उत्तर समुद्रातील हेरिंगची मासेमारी बंद करावी लागली. २ जुलै १९९२ रोजी कॅनडाच्या सरकारने न्यूफाउंडलंडजवळच्या कॉडच्या मासेमारीवर बंदी घातली. जिथे पाचशे वर्षे कॉड निघत होता, तिथे तो उरला नव्हता. ३० हजारांहून अधिक लोकांचा रोजगार एका घोषणेने गेला. तिथल्या लहान होडीवाल्यांनी किनाऱ्यालगतचा कॉड कमी आणि लहान होत चालल्याचे त्याआधी कितीतरी वर्षे सांगितले होते. सरकारी अंदाज मोठ्या ट्रॉलरांच्या पकडीवर बेतलेले असत, आणि ट्रॉलर उरलेला मासा शोधून काढण्यात इतके तरबेज झाले होते, की त्यांच्या पकडीत घट दिसतच नव्हती. मासा कमी झाला की धंदा आपोआप थांबतो, हा हक्सलीचा लगामही तुटला होता. कर्ज काढून घेतलेली बोट थांबत नाही. कमी माशासाठी ती अधिक दूर जाते.

७

आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलर आला तो सरकारी प्रयोग म्हणून. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने 'विल्यम कॅरिक' हा वाफेचा ट्रॉलर आणून मासेमारी करून पाहिली. तो प्रयोग पुढे टिकला नाही. १९४६ मध्ये मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र निघाले. आजच्या फिशरी सर्व्हे ऑफ इंडियाचे ते मूळ. स्वातंत्र्यानंतर अन्नधान्याची टंचाई होती, समुद्रात अमाप मासा पडून आहे असा विश्वास होता. १९५० च्या दशकात केरळात नॉर्वेच्या मदतीने यांत्रिक मासेमारीचा प्रकल्प उभा राहिला. पुढे कोळंबीला परदेशी बाजार मिळाला आणि ट्रॉलरांची संख्या झपाट्याने वाढली. ज्या नॉर्वेच्या हेरिंगचा आणि कॉडचा दाखला हक्सलीने दिला होता, त्या देशाचा तंत्रज्ञ आपल्याकडे यावा, हा योगायोग असेल. समुद्र न संपणारा आहे ही समजूत मात्र त्याच वाटेने आली.

१९७० च्या दशकात गोव्याच्या रापणकारांनी आवाज उठवला. किनाऱ्यावरून गावाने मिळून ओढायचे रापणीचे जाळे आणि किनाऱ्याला खेटून चाललेला ट्रॉलर एका पाण्यात नांदू शकत नाहीत, असे ते म्हणत होते. माथानी साल्ढाणा यांच्यासारखे नेते त्या लढ्यातून पुढे आले. केरळातही तसाच संघर्ष पेटला. त्यातून १९८० पासून राज्याराज्यांत सागरी मासेमारीचे कायदे झाले. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा. तक्रारीचा मजकूर पाहिला तर १८६० च्या ईशान्य इंग्लंडमधल्या तक्रारीशी तो जवळजवळ शब्दाला शब्द जुळतो : पिल्ले मारली जातात, तळ खरवडला जातो, आमच्या जाळ्यात काही उरत नाही.

आज भांडण ट्रॉलरच्याही पुढे गेले आहे. मालवणपासून रत्नागिरी-रायगडपर्यंत पर्ससीन जाळ्यांवरून पारंपरिक मच्छीमार आणि मोठे नौकामालक समोरासमोर उभे ठाकतात. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध घातले. रात्री पाण्यावर प्रखर एलईडी दिवे सोडून मासे गोळा करण्याच्या पद्धतीवर २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली. बंदी कागदावर आणि दिवे पाण्यावर, अशी कैफियत किनाऱ्यावर अजूनही ऐकू येते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर उतरलेली मासळी सुमारे २ लाख टन होती, ४५ वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी अरबी समुद्रातील वादळांनी बोटी अनेक दिवस बंदरात अडकवल्या होत्या, हेही त्यामागचे एक कारण. तेव्हा एका वर्षाच्या आकड्यावरून छाती पिटू नये. पण गार्स्टँगचा धडाही विसरू नये. त्यानंतर एखाद्या वर्षी टनांचा आकडा वर गेला, तर तो किती अश्वशक्ती आणि किती डिझेल जाळून गेला, हे विचारायलाच हवे. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा जाहीर केले गेले. मान दिला तो त्याची चिंता वाटू लागल्यावर.

८

लंडनचे प्रदर्शन मे ते ऑक्टोबर या काळात भरले होते. तोच काळ आपल्याकडे निम्मा समुद्र बंद असण्याचा. जूनमध्ये पाऊस धरला की होड्या वर ओढायच्या, शाकारायच्या, जाळी दुरुस्त करायची आणि नारळी पौर्णिमेला नारळ देऊन मगच दर्यात जायचे, हा कोळ्यांचा शिरस्ता. याला पूर्वजांचे पर्यावरणज्ञान म्हणण्याची आता पद्धत पडली आहे. ते पूर्ण खरे नाही. खवळलेल्या समुद्रात शिडाची होडी घालणे म्हणजे मरण, म्हणून ते थांबत. हक्सलीचे म्हणणे त्यांच्या बाबतीत बरोबर होते : साधने तोकडी होती, म्हणून मासा सुरक्षित होता. पण अनेक मासे याच दिवसांत अंडी घालतात. भीतीपोटी घेतलेली रजा समुद्राच्या उपयोगी पडत होती.

इंजिन आले आणि भीती गेली. मग जी बंदी वारा घालत होता, ती कायद्याला घालावी लागली. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमा बहुधा ऑगस्टमध्ये येते, कधी महिन्याच्या सुरुवातीला, कधी अगदी अखेरीला. त्यामुळे बहुतेक वर्षी एक विचित्र दृश्य दिसते. १ ऑगस्टला बंदी उठते, मोठ्या बोटी बंदराबाहेर पडतात. आणि ज्यांनी अजून नारळ दिलेला नाही, ते त्यांना जाताना पाहत किनाऱ्यावर उभे असतात. बंदी पौर्णिमेपर्यंत वाढवा, ही मच्छीमार संघटनांची मागणी जुनी आहे.

१८६३ च्या आयोगासमोर साक्ष देणारे गळकरी, न्यूफाउंडलंडचे लहान होडीवाले, गोव्याचे रापणकार आणि पौर्णिमेची वाट पाहणारे आपले कोळी, यांच्याकडे आकडे नव्हते आणि नाहीत. त्यांच्याकडे दर हंगामाला एकाच पाण्यात टाकलेले जाळे असते आणि त्यात काय आले याची आठवण. पुराव्याच्या कसोटीला ही आठवण अपुरी पडते, हे मान्य. म्हणून ती मोजायची, तपासायची, की मत्सर म्हणून झटकून टाकायची, एवढाच निर्णय आयोगांच्या हाती असतो. त्या उन्हाळ्यात लंडनला २६ लाखांहून अधिक लोक समुद्र पाहून घरी गेले. समुद्र रोज पाहणाऱ्यांची तक्रार मात्र वीस वर्षांपूर्वीच दप्तरात बांधून ठेवली होती.